रेषेमागचे निर्णय : बोधचित्रकाराची विद्यार्थिदशा

कथा, कविता, प्रवासवर्णन, पाठ्यपुस्तक किंवा नियतकालिकातील लेख यांच्या सोबतीने छापण्यासाठी जे चित्र काढले जाते त्याला मराठीत बोधचित्र म्हणतात, आणि भिंतीवर टांगण्यासाठी काढलेल्या चित्राहून त्याचे वेगळेपण असे की पहिल्या क्षणापासून त्याला तीन बंधने असतात : शेजारचा मजकूर, छपाईची पद्धत आणि पान उलटून पुढे जाणारा वाचक. या तिन्ही बंधनांत राहून स्वतःचे काही सांगता येऊ लागणे म्हणजे बोधचित्रकाराची घडण होय. कलामहाविद्यालयाच्या चार वर्षांत ही घडण सुरू होते, पुरी होत नाही. पण ती कोणत्या वळणाने होणार हे पुष्कळदा त्याच वर्षांत ठरते. या काळात विद्यार्थ्याला सर्वांत अधिक छळणारा प्रश्न असतो तो शैलीचा : आपली म्हणून ओळखता येईल अशी रेषा कोणती, आपले रंग कोणते, आपण इतरांहून वेगळे दिसणार कसे. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की हा प्रश्न विद्यार्थ्याने इतक्या लवकर आणि इतक्या थेट विचारू नये. त्याऐवजी प्रत्येक चित्र करताना आपण काय निवडले, काय टाकले आणि कोणत्या कारणाने टाकले याची नोंद ठेवण्याची सवय लावून घ्यावी, कारण एकाच माणसाने वर्षानुवर्षे घेतलेल्या अशा निर्णयांत जे सातत्य उरते त्यालाच पुढे इतर लोक त्याची शैली म्हणतात.

महाराष्ट्रात चित्रकलेकडे वळणाऱ्या बहुतेक मुलांची या विषयाशी पहिली औपचारिक ओळख एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांतून होते. वस्तुचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन आणि भूमिती यांच्या जोडीला या परीक्षांत स्मरणचित्र हा एक विषय असतो; त्यात दिलेल्या प्रसंगावरून, समोर काहीही न ठेवता, माणसांचे चित्र उभे करायचे असते, आणि बोधचित्रकलेच्या सर्वांत जवळ जाणारा शालेय विषय तोच आहे. त्याचे मोल मोठे आहे, कारण तो मुलाला बाजारात, बसथांब्यावर, जत्रेत डोळे उघडे ठेवून उभे राहायला शिकवतो. दुर्दैवाने परीक्षेच्या तयारीत हाच विषय पाठांतराचा होऊन बसतो : फुगेवाला, छत्री घेतलेला माणूस, टोपली डोक्यावर घेतलेली बाई अशा तयार आकृती हातात बसवून घेतल्या जातात आणि प्रसंग कोणताही असो, त्या तिथे बसवल्या जातात. अशा विद्यार्थ्याचा हात सफाईदार असतो, पण त्याच्या चित्रातली बाई कोणत्या गावची, टोपलीत काय आहे आणि तिचे वजन तिच्या मानेवर कसे येते, या प्रश्नांपर्यंत तो पोहोचलेला नसतो.

याच्या उलट टोकाला महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे काम ठेवून पाहण्यासारखे आहे. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले, पुढे तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. या साऱ्या काळाचे वर्णन त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मकथनात केले आहे. किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ आणि ऑटो रॉथफील्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ या इंग्रजी पुस्तकांसाठी त्यांनी चित्रे काढली. दुसऱ्या पुस्तकात निरनिराळ्या प्रांतांतल्या आणि समाजांतल्या स्त्रियांचे दर्शन घडवायचे असल्याने वस्त्र नेसण्याची तऱ्हा, दागिन्यांची ठेवण, उभे राहण्याची ढब यांत चूक झाली असती तर चित्राचा हेतूच फसला असता. धुरंधरांच्या आकृतीत जो सहजपणा दिसतो तो रस्त्यावरच्या माणसांच्या अखंड निरीक्षणातून आलेला आहे.

निरीक्षण मात्र बोधचित्रकाराच्या कामाचा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा भाग म्हणजे वाचन, आणि कलाशिक्षणात त्याला फार थोडी जागा मिळते ही खेदाची गोष्ट आहे. कथेतील अनेक क्षणांपैकी नेमका कोणता क्षण चित्रासाठी घ्यायचा हा प्रश्न जर्मन लेखक लेसिंग यांनी १७६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाओकून’ या ग्रंथात मांडला आहे. काव्य काळात उलगडत जाते, तर चित्र आणि शिल्प एका क्षणावर थांबते. म्हणून कलावंताने असा क्षण निवडावा की ज्यातून आधी काय घडले आणि पुढे काय घडणार हे पाहणाऱ्याला कल्पनेने भरून काढता येईल, आणि भावनेच्या अगदी शिखरावरचा क्षण टाळावा, कारण तिथून पुढे कल्पनेला जायला वाव राहत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अडीचशेहून अधिक वर्षांनंतरही कथाचित्र करणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा उपयोगी सूचना क्वचितच मिळेल.

तिचा उपयोग कसा होतो हे एका कल्पित कथेवरून पाहता येईल. पुण्यात राहणाऱ्या मुलाकडे कायमचे जायला निघालेली एक वृद्ध बाई तालुक्याच्या एसटी स्थानकावर उभी आहे, गाडी येते, ती चढत नाही, दुसरी येते, तीही सोडते, आणि अखेरीस गावाकडे परत फिरते, अशी ही कथा आहे असे धरू. विद्यार्थ्याच्या मनात पहिले चित्र येते ते निघून चाललेल्या गाडीकडे पाहणाऱ्या, डोळ्यांत पाणी आलेल्या बाईचे. हाच कथेचा कळस असल्याने आणि लेखकाने तो शब्दांत मांडलेला असल्याने चित्राने तो पुन्हा सांगण्यात वाचकाला नवे काही मिळत नाही. म्हणून विद्यार्थी आगपेटीएवढ्या चौकटी आखून त्यांत निरनिराळ्या मांडण्या करून पाहतो. अशा झटपट केलेल्या छोट्या कच्च्या आकृतीला थंबनेल म्हणतात. एका चौकटीत तो स्थानकाचे मोकळे आवार मोठे दाखवतो आणि बाई कोपऱ्यात अगदी लहान. दुसऱ्या चौकटीत तिचा चेहरा आणि छातीशी घट्ट धरलेली कापडी पिशवी. तिसऱ्या चौकटीत तो स्वतः गाडीत जाऊन बसतो : खिडकीच्या गजांतून बाई दिसते आहे, आणि पुढे घंटीच्या दोरीकडे गेलेला कंडक्टरचा हात आहे. घंटी अजून वाजलेली नाही. इथे वाचकाला प्रवाशाची जागा मिळते, बाई चढणार की नाही हे अजून ठरायचे असते, आणि गजांमुळे चेहरा अर्धवट झाकला गेल्याने तिच्या मनात काय चालले आहे हे चित्र उघड करत नाही. लेसिंग यांना अभिप्रेत असलेला क्षण तो हाच.

आता या तिसऱ्या चौकटीशेजारी पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या गेल्या, की ही मांडणी का घेतली, पहिली का सोडली, दुसरीत काय चांगले होते, आणि बाईच्या नेसणीसाठी, पिशवीसाठी, गाडीच्या खिडकीसाठी प्रत्यक्ष काय पाहून यायचे आहे, तर त्या पानाची योग्यता बदलते. ज्या वहीत चित्रे आणि चित्रांविषयीचा विचार असे एकत्र नांदतात तिला केवळ सरावाची वही म्हणता येणार नाही. तिच्यात विद्यार्थ्याच्या बुद्धीचा माग राहतो. अनेक विद्यार्थी अंतिम चित्र हाती लागताच रफ कागद फेकून देतात, आणि त्याबरोबर आपण शिकलो काय याचा पुरावाही फेकून देतात.

काम करता करता होणाऱ्या या विचाराचे शास्त्रशुद्ध विवेचन अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या १९८३ च्या ग्रंथात केले. कुशल माणूस आधी विचार करून मग कृती करतो, ही समजूत त्यांना अपुरी वाटली. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या : हातातले काम चालू असतानाच होणारे, कामाची दिशा बदलणारे चिंतन, आणि काम संपल्यावर मागे वळून केलेले चिंतन. त्यासाठी त्यांनी घेतलेले एक उदाहरण वास्तुकलेच्या वर्गातले आहे. एक विद्यार्थिनी उताराच्या जागेवर शाळेची इमारत बसवू पाहते आहे, जागेचा आकार तिला दाद देत नाही, आणि तिचे शिक्षक तिच्या आराखड्यावर दुसरा कागद ठेवून बोलत बोलत रेघा ओढत जातात. प्रत्येक रेघ ओढल्यावर कागदावर काही अनपेक्षित उभे राहते आणि पुढची रेघ त्या अनपेक्षिताला धरून येते; शॉन यांच्या मते कागद जणू उलट बोलतो आणि कसबी माणसाला ते बोलणे ऐकू येते. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला हा अनुभव परिचयाचा असतो, मात्र त्याला ज्ञान म्हणण्याची सवय नसते. शॉन यांनी त्याला ज्ञानाचा दर्जा दिला हे त्यांचे मोठे काम.

हे उलट बोलणे ऐकण्याची सोय आपल्या कामाच्या पद्धतीतच करून ठेवणारे एक चित्रकार म्हणजे इंग्लंडचे क्वेंटिन ब्लेक. १९३२ साली जन्मलेल्या ब्लेक यांनी केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतले, कलेची पदवी घेतली नाही, आणि तरीही पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ते बोधचित्र विभागाचे प्रमुख झाले. रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांतील त्यांची चित्रे जगभर पोहोचली आहेत. ते आधी कच्चे चित्र करतात, ते खालून दिवा असलेल्या काचेच्या पेटीवर ठेवतात, त्यावर जलरंगाचा जाड कागद ठेवतात आणि टोकदार निबने शाईत चित्र काढतात. खालचे चित्र गिरवणे हा त्यामागचा हेतू नसतो. जाड कागदातून ते अंधूकच दिसावे हे त्यांना सोयीचे वाटते, कारण त्यामुळे मांडणीचा आधार मिळतो आणि रेषा मात्र नव्यानेच काढावी लागते. चित्रातला सर्वांत अवघड भाग, बहुधा चेहऱ्यावरचा भाव किंवा उभे राहण्याची लकब, ते आधी काढतात. तो जमला नाही तर नवा कागद घेतात. त्यांच्या रेषेत जो तत्क्षणीचा उत्साह दिसतो त्याच्या मागे अशी काटेकोर व्यवस्था आहे, आणि ती न पाहता केवळ त्या रेषेचा फर्राटा उचलणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती फर्राटाच लागतो.

विद्यार्थिदशेतच आपली साधना कशी उभी करावी याचे अधिक जवळचे, आणि अधिक हृद्य, उदाहरण गोव्यात सापडते. मारिओ मिरांडा यांचा जन्म १९२६ साली दमणला झाला. त्यांचे घर सासष्टीतील लोटली गावी. लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रे काढणाऱ्या या मुलाच्या हाती आईने कोरी वही दिली, तिला तो आपली डायरी म्हणू लागला आणि ती सवय तारुण्यातही टिकली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी इतिहास घेऊन पदवी मिळवली, घरच्यांच्या इच्छेखातर काही काळ वास्तुकलेचे शिक्षणही घेऊन पाहिले, पण चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या सचित्र डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या आहेत. चर्चमधले पाद्री, लग्ने, मेजवान्या, मित्रमंडळी, गावातले तऱ्हेवाईक लोक, असा तेव्हाच्या पोर्तुगीज अमलाखालील गोव्याचा आणि तरुण वयाचा सारा पसारा त्यांत तारीखवार उतरला आहे, आणि चित्रांच्या सोबतीला हाताने लिहिलेला मजकूर आहे.

या डायऱ्यांकडे केवळ कौतुकाने पाहून भागणार नाही, त्यांनी नेमके कोणते काम केले हे समजून घ्यायला हवे. एक तर वहीचे पान लहान आणि दिवस ठरलेला, त्यामुळे दिवसभरात पाहिलेल्या शंभर गोष्टींतून एक प्रसंग निवडण्याचा सराव रोज घडत गेला. कथाचित्रासाठी क्षण निवडणे आणि दिवसातून क्षण निवडणे यांत तत्त्वतः अंतर नाही. दुसरे म्हणजे चित्र आणि अक्षर एकाच पानावर नांदत असल्याने काय शब्दांवर सोपवायचे आणि काय रेषेवर, याची जाण आपोआप तयार झाली. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : या पानांना गिऱ्हाईक नव्हते. कुणी गुण देणार नव्हते, कुणी मानधन देणार नव्हते, त्यामुळे फसण्याची मुभा होती. पुढच्या काळात मुंबईच्या वृत्तपत्रांतून आणि साप्ताहिकांतून लोकप्रिय झालेली मारिओंची गच्च भरलेली चित्रे, ज्यांत गर्दीतला प्रत्येक माणूस स्वतःच्या उद्योगात मग्न असतो, त्यांचे मूळ या रोजच्या पाहण्यात आहे असे म्हणायला हरकत नाही. १९५९ मध्ये गुल्बेंकियन प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्तीवर ते लिस्बनला गेले, तिथून इंग्लंडमध्ये काही वर्षे राहिले. इंग्रज चित्रकार रोनाल्ड सर्ल यांच्या रेषेचा प्रभाव त्यांच्या कामात स्पष्ट दिसतो, परंतु तो प्रभाव पचवण्याइतकी स्वतःच्या पाहण्याची शिदोरी तोवर त्यांच्याजवळ जमलेली होती.

तरीही डायरी म्हणजे बोधचित्र नव्हे, ही मर्यादा नोंदवली पाहिजे. डायरीत माणूस स्वतःचेच सांगत असतो. बोधचित्रात दुसऱ्याच्या शब्दांपुढे बसावे लागते. मनोहर माळगांवकर यांच्या ‘इनसाइड गोवा’ या पुस्तकासाठी मारिओंनी चित्रे काढली तेव्हा आयुष्यभर पाहिलेला गोवा त्यांना दुसऱ्याच्या कथनाशी जुळवून घ्यावा लागला. विद्यार्थ्यानेही आपल्या वहीतील निरीक्षणे अधूनमधून एखाद्या परक्या मजकुरापुढे ठेवून पाहावीत, मग ती कुणा मित्राची कविता असो की आरोग्य केंद्रातले माहितीपत्रक.

प्रभावाचा प्रश्न येथे ओघाने येतो. अनुकरणाची भीती विद्यार्थ्यांना फार घातली जाते, आणि ती अनाठायी आहे. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून अनेक हंगाम मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते, आणि त्या काळात तोच शिक्षणाचा एक भाग मानला गेला. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तिच्या आधारे मराठीत बोधचित्रकारांच्या पिढ्या उभ्या राहिल्या, मडगावला जन्मलेले दीनानाथ दलाल आणि त्यांचे समकालीन रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे गिरवत कितीतरी हात वळणावर आले. गिरवताना काय गिरवतो आहोत हे ठाऊक असले म्हणजे झाले. दलालांच्या चित्रातील स्त्रीचा डोळा उचलण्यात फारसे काही नाही. त्यांनी पानावर मोकळी जागा कुठे सोडली आणि का सोडली, हे वहीत लिहून काढण्यात पुष्कळ आहे.

शैली ज्या बंधनांतून आकार घेते त्यांत छपाईचा वाटा मोठा असतो आणि आजच्या विद्यार्थ्याला तो सहसा सांगितला जात नाही. खिळ्यांच्या छपाईच्या काळात मजकुराबरोबर चित्र छापायचे तर त्याचा जस्ताचा लाइन ब्लॉक करावा लागे : चित्राचे छायाचित्र घेऊन ते पत्र्यावर उतरवत, उरलेला भाग आम्लाने खाऊन जाई आणि रेषा उठून राहत. या पद्धतीत काळे किंवा पांढरे एवढेच छापले जाई, करडे नाही. करड्याचा भास रेघांच्या जाळीने किंवा ठिपक्यांनी निर्माण करावा लागे. छायाभेद दाखवणारा हाफटोन ब्लॉक उपलब्ध होता, पण त्याला गुळगुळीत आर्ट पेपर लागे आणि तो खर्च प्रत्येक प्रकाशकाला झेपत नसे. शिवाय मूळ चित्र बहुधा मोठे काढून लहान करून छापत, त्यामुळे रेघा फार जवळ आल्या तर मधली जागा शाईने भरून जाई. कमी आणि निश्चित रेषांत सांगण्याची मराठी बोधचित्रकारांची जी ताकद आहे ती बऱ्याच अंशी या अडचणीतून आली. वसंत सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते; लेखक जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने सदर लिहीत, आणि तो ठणठणपाळ सरवटे यांच्या मोजक्या रेषांमुळे वाचकांना डोळ्यांपुढे दिसू लागला. शि. द. फडणीस यांनी शब्दांवाचून हसवणारी चित्रे काढली आणि तीच स्पष्टता गणिताच्या पाठ्यपुस्तकांत आणली, जिथे चित्र चुकले तर मुलाची समजूतही चुकते.

आजचा विद्यार्थी टॅबलेटवर काम करतो, आणि तिथे नको असलेली रेघ बोटाच्या एका स्पर्शाने नाहीशी होते. ही सोय मोठी आहे, पण तिच्यामुळे टाकलेल्या रेघांचा मागमूस उरत नाही आणि कागदावर खाडाखोडीच्या रूपाने जे आपोआप जपले जाई ते आता मुद्दाम जपावे लागते. प्रोक्रिएटसारख्या प्रणालीत चित्र घडण्याची चित्रफीत आपोआप तयार होते. ती समाजमाध्यमावर टाकण्यासाठी जितकी वापरली जाते तितकी स्वतः पुन्हा पाहण्यासाठी वापरली गेली, आपण कुठे अडलो, कुठे उगाच सजावट करत बसलो हे तपासण्यासाठी वापरली गेली, तर तिचे खरे चीज होईल. महत्त्वाच्या वळणावर चित्राची वेगळी प्रत करून तिला तारीख घालणे एवढी साधी शिस्तही पुरेशी ठरते.

कलामहाविद्यालयांत सत्राच्या अखेरीस जुरी होते, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडून त्याविषयी बोलावे लागते. तिथे अंतिम चित्राशेजारी त्याची कच्ची चित्रे लावण्याचा आग्रह शिक्षकांनी धरावा आणि विद्यार्थ्याला टाकलेल्या मांडणीविषयी आधी विचारावे, निवडलेल्या मांडणीविषयी नंतर. असे प्रश्न व्यवसायात पडल्यावर रोजच येतात. एसटी स्थानकाच्या त्या कल्पित कथेचे चित्र पाहून संपादक म्हणू शकतात की खिडकीच्या गजांमुळे बाईचा चेहरा दिसत नाही, तो दिसायला हवा, आणि अंक परवा छापायला जातो आहे. ज्या विद्यार्थ्याकडे केवळ पूर्ण झालेले चित्र आहे तो एक तर अडून बसतो किंवा गज पुसून टाकतो, आणि दोन्हीकडून कथेचे नुकसान होते. ज्याच्याकडे ती वही आहे त्याला दुसऱ्या चौकटीतला चेहरा आणि पिशवी आठवते, तिथे काय चांगले होते हे स्वतःच्याच अक्षरात वाचता येते, आणि त्या दुपारी तो गजांपैकी नेमका एक गज दोन बोटे बाजूला घेऊन, पिशवीवरची तिची पकड चौकटीत आणून, नवे रफ संपादकांपुढे ठेवतो.